फळ्याच्या डस्टरने पुसलेली काच

नागपूरची थंडी मला नवीन होती. मी देवगडकडची. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर एक चादर जास्त. नवऱ्याच्या कामामागे इकडे आले, बायकांच्या वर्गात गाडी चालवायला शिकले, लायसन काढलं, आणि नंतर सहा महिने कुणी किल्ली हातात देईना. शेवटी दिली ती गणिताच्या सरांनी. त्यांना एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं. खापा गावातल्या शाळेत ते, मराठीच्या बाई आणि मुख्याध्यापिका मॅडम असे तिघं रोज नागपुरातून सरांच्या गाडीने जात. माझी स्वतःची शाळा सातवीत सुटलेली. आता तीन शिक्षक माझ्या भरवशावर बसणार, याचा आनंद किती आणि धास्ती किती, हे मला आजही वेगळं करून सांगता येणार नाही. ही गाडी हातची जाऊ नये, एवढंच रोज निघताना मनात म्हणायची.

डिसेंबर लागला तशी समोरची काच आतून धुरकट व्हायला लागली. मॅडमचे कान दुखायचे म्हणून खिडक्या गच्च बंद. आत चौघांचा श्वास, त्यात बाईंच्या थर्मासमधल्या चहाची वाफ. मी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने फडकं फिरवायची. मॅडमना ते बघवेना.

"तू रस्त्याकडे बघ, बेटा. काच आमच्यावर सोड," त्या म्हणाल्या.

शिक्षकच ते, लगेच पाळ्या लावल्या. जो पुढे बसेल त्याने काच पुसायची. फडक्याने नुसतं पाणी पसरतं म्हणून सरांनी शाळेतून फळ्याचा डस्टर आणला. बाई म्हणाल्या, "अहो सर, ही गाडी आहे, सातवी ब नाही."

"तीस वर्षांपासून फळा पुसून राहिलो," सर म्हणाले. "मले नका शिकवू."

डस्टरने काच कोरडी व्हायची खरी, पण मागे खडूचे पांढरट पट्टे राहायचे. पहाटेच्या अंधुक उजेडात ते फारसे जाणवत नसत. मला मात्र पहिल्याच दिवशी दिसले होते. बोलले नाही. मास्तरांना 'चुकलं' म्हणायचं नाही, सातवीपर्यंत शिकले त्यातलं एवढं पक्कं लक्षात राहिलं होतं. पंख्याच्या बटणाशेजारी काचेचं चित्र असलेलं एक बटण होतं. ते कशाचं, हे विचारायचीसुद्धा लाज वाटली. चुकीचं काही दाबलं आणि बिघडलं तर?

जानेवारीतल्या एका सकाळी वाटेतल्या खापरखेड्यापासून पुढे दाट धुकं होतं. मी गाडी अगदी हळू ठेवली. पुढच्या एका गाडीचे चारही पिवळे दिवे उघडझाप करत होते, त्यामुळे ती थांबलीय, वळतेय की चाललीय, काही कळेना. तिच्यापासून लांब राहिले. थोड्या वेळाने धुकं विरळ झालं, संपलं.

"चला, पास झालो," सर म्हणाले. त्या दिवशी पुढे तेच होते. त्यांनी काचेवर शेवटचा एक हात फिरवला.

नदीच्या अंगाला रस्ता उजवीकडे वळतो. मी वळले आणि नुकता वर आलेला सूर्य थेट समोर आला. काच एका क्षणात पांढरी झाली, डोळ्यांसमोर दुधाची पिशवी धरावी तशी. पलीकडे काहीच दिसेना. ब्रेक दाबला, पण तोवर आवाज झाला होता.

संत्र्यांनी भरलेली ट्रॉली अर्धी रस्त्यावर उभी होती. ट्रॅक्टरवाला चाक बदलत होता. मागे खूण म्हणून बाभळीची एक फांदी टाकलेली, बाकी काही नाही. आमचा डावा दिवा फुटला, बॉनेट दुमडलं. मागे बाईंनी पट्टा लावला नव्हता, पुढच्या सीटवर आपटून त्यांचा ओठ फुटला. रस्ताभर संत्री.

ट्रॅक्टरवाला पाना घेऊनच आला. "काहून वं बाई, एवढी मोठी ट्राली दिसली नाही?"

"ऊन आलं डोळ्यावर," मी म्हटलं.

"ऊन तं रोजच येते. उद्यापासून त्याले सांगून ठेवा, बाई गाडी घेऊन येऊन राहिल्या म्हणून."

"अन् तू गा?" सर खाली उतरत म्हणाले. "मांगं लाल कापड तरी बांधलं काय?"

"फांदी टाकली ना सर! दिसते लोकायले."

"तुलेच दिसते. तूच टाकली म्हणून."

मी संत्री गोळा करायला लागले. बाई ओठावर रुमाल धरून उभ्या होत्या. मॅडम माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "धुक्याने झालं. तुझा काही दोष नाही, बेटा."

सरांनीही मान हलवली. किती सोपं होतं! धुकं म्हटलं की मी सुटणार, काम टिकणार. पण धुकं दोन किलोमीटर मागे राहिलं होतं. उद्या हीच काच असणार होती, हेच वळण आणि हेच ऊन.

"मॅडम, धुक्याने नाही झालं," मी म्हटलं. "काचेने झालं. डस्टरचा खडू बसलाय तिच्यावर. मला पहिल्या दिवसापासून दिसत होता."

सर गाडीत वाकले. काचेवरून आतून बोट फिरवलं आणि ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"मग काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही सर आहात."

"सर असले म्हणून काय झालं वं?" बाई रुमालाआडून म्हणाल्या. "ओठ तं माझा फुटला!"

ओल्या फडक्याने काच धुऊन मी गाडी शाळेत नेली. शाळा सुटेपर्यंत मी फाटकाजवळ बसून होते. आता सर दुसरा ड्रायव्हर बघतील, घरी काय सांगायचं, हेच डोक्यात.

दुपारी सर गाडीचं माहितीपुस्तक उघडं धरून आले. ते इंग्रजीत, मला न कळणारं. माझ्या शेजारी बसून त्यांनी काचेबद्दलचं सगळं पान मराठीत सांगितलं. चित्राच्या बटणाने हवा काचेवर येते. थंडीतही एसी लावला की आतला ओलावा जातो. मग ते बटण त्यांनी मला दाबायला लावलं. एकदा नाही, चारदा.

"उद्या दहा मिनिटं आधी निघू," पुस्तक मिटत ते म्हणाले. तेवढ्यावरून मला कळलं की उद्याही मीच आहे.

याला तीन हिवाळे झाले. रस्त्यात कुठे गाडी ठोकलेली दिसली की लोक अजून धुक्याचंच नाव घेतात. मी बघते तर कुणी उशीर झाला म्हणून पळवत असतो, कुणाचे टायर गुळगुळीत, कुणी धुक्यात मोठा दिवा लावून स्वतःचेच डोळे दिपवून घेतो, कुणी कानाला इतका घट्ट दुपट्टा बांधतो की हॉर्न ऐकू जात नाही. धुकं एकटं कधी गाडी ठोकत नाही.

परवा त्या वळणाच्या आधी सर जोरात काहीतरी किस्सा सांगत होते, हातवारे करून. मी म्हटलं, "सर, थांबा जरा."

ते वाक्याच्या मधेच थांबले. वळण गेलं. मग मी म्हटलं, "हं, सांगा."