एक कॅरेट संत्रा

आमच्या घरासमोर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहणाऱ्या वहिनी मोर्शीकडच्या. नवरा तिकडे संत्र्याचा बगीचा सांभाळतो, आणि वहिनी मुलीच्या शिक्षणासाठी अमरावतीत. त्यांची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वर्गात, आणि मी त्याच शाळेत शिकवते. शाळा वलगाव रोडवर, घरापासून लांब. शाळेची व्हॅन म्हणजे नुसतं कोंबड्यांचं खुराडं. एकदा त्यात पोरं कोंबलेली बघितली आणि मीच म्हटलं, "वहिनी, माझी गाडी रोज रिकामीच जाते. पोरीला कशाला त्या व्हॅनमध्ये धाडता?"

मीच म्हटलं. त्यांनी मागितलं नव्हतं.

पहिला महिना संपला तसा त्या पेट्रोलचे पैसे घेऊन दारात उभ्या. मला रागच आला. मी म्हटलं, "मला काय ऑटोवाली समजता का? ठेवा ते पैसे आत." त्यांनी ठेवले, पण चेहरा उतरला त्यांचा. कोणाचं फुकट घ्यायचं म्हटलं की त्या बाईच्या घशाखाली घास उतरत नाही. मग संत्र्याची पहिली तोड झाली आणि सकाळी सकाळी आमच्या ओट्यावर एक प्लास्टिकचं कॅरेट येऊन पडलं, काठोकाठ भरलेलं.

"हे तरी नाही म्हनू नका ताई," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं पहिली तोड आपल्या मानसाईले देतात."

त्याला कसं नाही म्हणणार? चार वर्षं ते कॅरेट येत राहिलं. आम्ही खाल्ली, शेजारी वाटली, रस काढला, तरी संपायची नाहीत. माझा नवरा चिडवायचा, "आता आपल्या घामालाही संत्र्याचा वास येऊन राहिला." हसायचो आम्ही. किती हसायचो!

गाडीत पुढे कोण बसणार यावरून दोघी पोरींची रोज भांडणं, म्हणून मी आठवड्याच्या पाळ्या लावल्या होत्या. त्या आठवड्यात पाळी वहिनींच्या मुलीची होती. वळणावर डुकराचं पिल्लू आडवं आलं. एवढंसं पिल्लू! मी स्टेअरिंग वळवलं आणि गाडीची डावी बाजू विजेच्या खांबावर गेली. माझ्या मुलीला खरचटलंसुद्धा नाही. मला काही झालं नाही. वहिनींच्या मुलीचा गुडघा मात्र चुरा झाला. त्या पिल्लाला मी चिरडायला हवं होतं, असं मी रोज म्हणते, आणि रोज म्हणून काही होत नाही.

एक ऑपरेशन झालं. ते वहिनींनी बगीच्याचा पुढचा बहार व्यापाऱ्याला आधीच विकून केलं, माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. डॉक्टर म्हणाले, मुलगी वाढत्या वयाची आहे, वाढ थांबायच्या आत दुसरं ऑपरेशन झालं नाही तर तो पाय आखूड राहील. दुसरं ऑपरेशन मोठं होतं, त्यांच्याही आवाक्याबाहेरचं आणि आमच्याही.

मग आम्हाला इन्शुरन्स आठवला. गाडीचा फुल इन्शुरन्स होता, दरवर्षी न चुकता भरलेला. माझ्या वकिलांनी सांगितलं, "मॅडम, मुलीच्या आईने तुमच्यावर दावा टाकायचा. नाव तुमचं, पैसे कंपनी देईल. सगळं कागदावरच असतं."

वहिनी तयार होईनात. "ताई, तुमच्यावर केस? माह्या हातून सही होनार नाही." मी त्यांच्यासमोर कागद धरला, पेन हातात दिलं, मुलीच्या पायाची शपथ घातली. सही करताना त्या रडत होत्या आणि मी त्यांना समजावत होते की काही होत नाही, अहो काही होत नाही. केवढी हुशार मी!

दोन महिन्यांनी अकोल्याहून कंपनीचा तपासणीचा माणूस आला. मी शाळेत होते. सभ्य होता म्हणे, चप्पल बाहेर काढून आत आला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. वहिनींनी चहा केला आणि घरात आलेल्या माणसापुढे ठेवायची तशी बशीत संत्री ठेवली. तो सोलता सोलता म्हणाला, छान गोड आहेत.

"घरची हायेत जी," वहिनी म्हणाल्या. "ताईकडं दरसाली एक कॅरेट जाते. आमची पोट्टी काही फुकट नाही बसत त्याईच्या गाडीत."

त्याने ते लिहून घेतलं. खाली वहिनींची सही घेतली. जाताना चार संत्री पिशवीत घालून दिली त्याला, वाटेत खायला.

कंपनीचं उत्तर आलं. गाडी खाजगी, पण मुलांची ने-आण मोबदला घेऊन चालली होती. अटींचा भंग झाला, म्हणून आमच्यावर जबाबदारी नाही. मोबदला म्हणजे ते कॅरेट! मी कागद घेऊन तशीच समोर गेले आणि ओरडले, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "कावून सांगितलं तुम्ही? कोणी विचारलं होतं?"

त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मंग काय सांगू ताई? चार वर्सं माही लेक फुकट फिरली म्हनून सांगू?"

त्या जागी त्यांच्या तोंडून दुसरं काही निघूच शकलं नसतं.

केस उभी राहिली. वकिलांनी वहिनींना पढवलं होतं, काही दिलं नाही एवढंच म्हणा. मीही हात जोडले होते. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "संत्री देत होता?" वहिनींनी पदर सावरला, एकदा माझ्याकडे बघितलं.

"देत होतो जी. दरसाली."

मग माझी पाळी. आदल्या दिवशी माझे वकील म्हणाले होते, "आता सगळं तुमच्या एका शब्दावर आहे." मी शपथ घेतली. पोरांना जिथे मी खोटं बोलू नका म्हणून शिकवते ती शाळा तिथून चार-पाच किलोमीटरवर होती.

"या कुटुंबाकडून तुम्ही कधी काही घेतलंत?"

"नाही."

"संत्री?"

"नाही. कधीच नाही."

"म्हणजे मुलीची आई खोटं बोलते?"

मागच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या. मला पोरीचा पाय दिसत होता, दुसरं काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "हो."

वळून बघितलं तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. बाहेर स्टँडवर मी त्यांना गाठलं. गाडीत बसा म्हटलं. त्या ऑटोत बसल्या आणि ऑटोवाल्याला आधीच पैसे देऊन टाकले.

निकाल अजून नाही. तारखेवर तारीख पडून राहिली. वकील म्हणतात, कोर्ट माझ्यावर विश्वास ठेवेलच असं नाही, वहिनींचा कागद भारी पडतो. म्हणजे मी खोटं बोलले तेही वायाच जाणार बहुतेक. पोरगी वाढते आहे. गेल्या आठवड्यात तिची सलवार एका पायाला लांब दिसली, मी नजर वळवली.

यंदा तोड झाली. गल्लीतल्या चार घरी संत्री गेली. आमचा ओटा रिकामा. ते बरोबरच होतं, तरी मी त्या सकाळी तीनदा दार उघडून बघितलं. तिसऱ्यांदा उघडलं तर समोरच्या फाटकाला धरून वहिनींची मुलगी उभी होती, बगलेत कुबडी. रागात नव्हती. खरंच कळत नसल्यासारखं तिने विचारलं,

"काकू, मंग चार वर्सं आमची संत्री कोनं खाल्ली?"