नोकरी नको, मुलाखत तेवढी हवी

त्या मंदीच्या वर्षांत नाशकात नोकरी मिळणं म्हणजे देव भेटण्यापेक्षा अवघड होतं, आणि माझा मावसभाऊ ती दर चार-दोन महिन्यांनी मिळवायचा आणि परत करायचा. हो, परत! दुकानातून आणलेलं धोतर आखूड निघालं म्हणून परत करावं, तशी. इतकी वर्षं लोटली, तरी ही गोष्ट सांगायला घेतली की माझं डोकं फिरतं. चांगली बी. ए. झालेली माणसं कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर वहाणा झिजवत होती, मी मॅट्रिक होऊन घरात आईच्या डोळ्यांसमोर बसलेला, आणि हा पठ्ठ्या मुलाखतीला जायचा, पहिला यायचा, आणि नेमणुकीचा हुकूम हातात पडला की म्हणायचा, "झालं की! आता रोज तिथं जाऊन बसायचं कशाला?" अशा माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

कुणाला कुस्तीचा शौक असतो, कुणाला पत्त्यांचा. याला मुलाखतीचा होता. घरात कसली ददात नव्हती. मावशीचे यजमान पंचवटीतले नावाजलेले वैद्य, सकाळपासून ओसरीवर रोग्यांची रीघ. चिरंजीवांनी कमवावं अशी कुणाची सक्ती नव्हती, म्हणून हे असले थेर. वर पुन्हा आम्हालाच शहाणपण शिकवायचा, "मुलाखत म्हणजे काय रे? गप्पाच की! त्यांची खुर्ची तेवढी उंच असते." मी मनात म्हणायचो, लेका, तुझ्या घरी भात शिजतोय म्हणून तुला गप्पा सुचतात.

पण तयारी मात्र अशी करायचा की मुलीच्या लग्नाचीही कुणी इतकी करणार नाही. आबकारी खात्यात जागा निघाली, तेव्हा हा कांदालसूण न खाणाऱ्या घरातला मुलगा पेठच्या डोंगरात जाऊन मोहाची दारू कशी गाळतात ते बघून आला. बघून आला ते आला, वर पिशवीभर मोहाची फुलं घेऊन आला आणि ती माजघरात वाळत घातली. मावशीला तो वास कसला ते कळेना. तिनं दोन दिवस उंदीर मेलाय म्हणून फडताळं हुडकली. मुलाखतीत यानं दारू गाळण्याचं असं रसभरीत वर्णन केलं म्हणे, की साहेबानं शेवटी विचारलं, "तुम्ही पकडणार आहात की गाळणार आहात?" नोकरी लागली. यानं ती सोडली. कारण काय, तर "सकाळी उठून गोरगरिबांची मडकी फोडायची? छे!" अरे, मग अर्ज करताना खात्यात काय आरत्या म्हणतात असं वाटलं होतं का तुला?

जुन्या नाशकात एक मुसलमान सुताचे व्यापारी होते, मोठे सालस गृहस्थ. त्यांना मुनीम हवा होता. हा आठवडाभर विणकरांच्या मागांपाशी बसून राहिला आणि नुसत्या चिमटीनं सूत ओळखायला शिकला. व्यापारी खूश! यानं नकार कळवला त्या दिवशी ते बिचारे वैद्यांकडे न जाता आमच्याच दारात येऊन उभे राहिले. "भाई, मी त्याच्यासाठी नवी गादी भरून घेतली," ते मला म्हणाले, "आता तिच्यावर कुणाला बसवू?" मला बसवा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मला सुतातलं काय कळत होतं, कपाळ!

आणि सगळ्यात संताप येई तो संध्याकाळी. गोदावरीच्या काठी पायऱ्यांवर हा मला बसवायचा आणि म्हणायचा, "तू साहेब हो." मग हा चार पायऱ्या खाली जाऊन पुन्हा वर यायचा, नमस्कार करायचा, आणि मी याला प्रश्न विचारायचे. माझा आवाज नरम पडला तर मलाच झापायचा, "अरे, साहेब आहेस ना तू? जरा गुरकाव की!" शेवटी नेमणूक केल्याचं मीच जाहीर करायचं. म्हणजे बघा, मला स्वतःला कुणी दारात उभं करत नव्हतं, आणि मी रोज संध्याकाळी याला नोकरी देत होतो!

अशात माझं लग्न ठरत आलं. मुलगी दिंडोरीची. मुलगी पसंत, पत्रिका जुळली, पण तिचे वडील पक्के. म्हणाले, "नोकरी लागू द्या, मग याद्या करू. तोवर कळवणच्या मास्तरांचं स्थळही हातचं सोडणार नाही." त्यात त्यांचं काय चुकलं? आणि नेमकी त्याच सुमारास कालव्याच्या कचेरीत कारकुनाची एक जागा निघाली. मी अर्ज केला. आईनं देव पाण्यात ठेवले. तिसऱ्या दिवशी मावसभाऊ हसत हसत घरात शिरला आणि म्हणाला, "मीपण टाकलाय अर्ज. मजा येईल!"

मजा! माझं लग्न टांगणीला, आणि याला मजा! मी तोंडाला येईल ते बोललो. त्याच्यावर काडीचा परिणाम नाही. उलट मलाच ओढत कालव्यावर घेऊन गेला. तिथं पाणी सोडणारा एक म्हातारा पाटकरी होता, त्याच्याशी याची तासाभरात गट्टी जमली. म्हातारा तंबाखू चोळत म्हणाला, "पानी लय वांड असतंया बगा. कुनाची पाळी, कुनाचं रान, त्याला काय नाय कळत. मानसानंच हिशेबात ऱ्हायाचं." मावसभाऊ त्याच्या तोंडाकडे असा बघत होता, जसा काही वेद ऐकतोय. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. माझ्या डोक्यात नुसती कळवणच्या मास्तरांची वरात निघाली होती.

मुलाखतीच्या दिवशी स्वारी बिनकोटाची हजर. "तुझा दे. माझा नंबर आधी आहे, बाहेर आलो की देतो." माझा एकुलता एक कोट! तो घालून हा आत गेला आणि थोड्याच वेळात आतून हसण्याचे आवाज यायला लागले. साहेबानं विचारलं होतं म्हणे, पाण्याची पाळी चुकली तर शेतकरी काय करतो? यानं सांगितलं, "आधी पाटकऱ्याला शिव्या देतो, मग त्यालाच चहा पाजतो, आणि मग कचेरीत अर्ज देतो. कारकुनानं तो अर्ज वाचताना शिव्या गाळून वाचायच्या." बाहेर येऊन यानं गरमागरम कोट माझ्या अंगात चढवला आणि कानात सांगितलं, "जाडा साहेब नुसता हसतो. प्रश्न बारीक साहेब विचारतो. त्याच्याकडे बघ." मी आत गेलो. काय बोललो, देवाला ठाऊक.

निकाल तुम्हाला कळलाच असेल. पहिला तो, दुसरा मी. त्या दिवशी मी मावशीच्या घरी जाऊन, वैद्यांच्या रोग्यांसमोर, इतका ओरडलो की दोघे रोगी औषध न घेताच निघून गेले. "माझं लग्न मोडलंस! तुला खेळ आणि मला फास!" मी म्हटलं. हा शांतपणे पेरू खात होता. म्हणाला, "अरे, एवढंच ना? मग घेऊन टाक की तू." जसा काही पेरूच देत होता!

यानं नेहमीसारखा नकार कळवला, पण या वेळी साहेब बिथरला. कचेरीची थट्टा चालवलीय का, म्हणाला, दोघांचीही नावं काढा, नवे अर्ज मागवा. तेव्हा मात्र स्वारीचं तोंड उतरलं. दिवसभर कचेरीच्या व्हरांड्यात बसून राहिला. संध्याकाळी साहेब टांग्यात चढायला लागला, तसा यानं टांग्याचा दांडाच धरला आणि सांगितलं, "साहेब, चूक माझी आहे. भावाचं लग्न अडलंय हो." साहेबाच्या घरातही लग्नाच्या मुली होत्या. तो टांगा हाकायला सांगून गेला, पण आठवड्यात हुकूम माझ्या नावावर आला. आईनं पेढे वाटले. आभार मानायला मी मावसभावाच्या घरी जाणार होतो, खरंच जाणार होतो. पण दिंडोरीला लग्नाच्या पंगतीत या गृहस्थानं जिलबी वाढणाऱ्या माझ्या सासऱ्यांना भर पंक्तीत सांगितलं, "ही नोकरी मूळची माझी बरं का! मी दिली याला." सासऱ्यांच्या हातातली जिलबी हातातच राहिली. पुढं कित्येक महिने मी त्याच्याशी बोललो नाही.

पाच-सहा वर्षं गेली. मी कचेरीत रुळलो. आणि एका पावसाळ्यात वैद्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला, ओसरीवरची रीघ दोन महिन्यांत आटली. मावशीच्या घरात पहिल्यांदाच डब्यांत किती उरलंय ते बघून स्वयंपाक व्हायला लागला. तेव्हा हा एकदा माझ्याकडे आला, उंबऱ्याशीच उभा राहिला. "तुमच्याकडे जागा निघालीय म्हणे," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, मग झालंच की! तुला कोण नाही म्हणणार?" माझी खात्रीच होती. कचेरीतल्या सगळ्यांना मी आधीच सांगून ठेवलं, आता बघा, आतून हसण्याचे आवाज येतील.

तो आत गेला. मी टेबलावरचं काम सोडून दाराशी कान लावून उभा राहिलो. आतून हसणं आलं नाही. त्याचा आवाजसुद्धा आला नाही. थोड्या वेळानं तो बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. नवे साहेब नंतर सहज बोलून गेले, "तो मनुष्य फार चाचरतो. चालायचा नाही." चाचरतो? हा? अरे, सबंध जिल्ह्यातल्या साहेबांना ज्यानं हसवलं, तो चाचरतो? माझ्या अंगाचा असा भडका उडाला की वाटलं, साहेबाला जाऊन विचारावं, तुम्हाला माणसं ओळखता येतात की नाही! पण माझी नोकरी, माझी बायको-मुलं. मी नुसता कागद चाळत उभा राहिलो.

संध्याकाळी मी सुटून बाहेर आलो, तर हा अजून कंपाउंडातल्या लिंबाखाली बसलेला. मी शेजारी बसलो. तो काडीनं मातीत रेघा ओढत होता. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "नाव विचारलं ना, तिथंच घसा सुकला. हे मिळालं नाही तर घरी काय सांगायचं, एवढंच डोक्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला त्या वेळी असंच व्हायचं का रे?"

"हो," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

"आणि मी तुला साहेब व्हायला लावायचो!" तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मी त्याचा हात धरून त्याला उठवलं, आणि आम्ही दोघं चालत मावशीच्या घराकडे निघालो.