नानांचा वाईट शब्द

आमच्या गल्लीतल्या नानांच्या तोंडून कधी चांगला शब्द निघाला नाही, आणि त्याबद्दल सगळी गल्ली त्यांची ऋणी होती. माझ्या दहावीच्या निकालाच्या सकाळी आईने मला मुद्दाम त्यांच्या पाया पडायला पाठवलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "तू नापास व्हशी, माय." आई इतकी खूश झाली की तिने निकालाआधीच पेढे आणले.

नानांचं म्हणणं साधं होतं. चांगलं बोललं की दृष्ट लागते, वाईट बोललं की वरचा हट्टाला पेटतो आणि चांगलं करून दाखवतो. हे ते गंभीरपणे बोलायचे की आमची मजा करायचे, ते मला धुळ्यात असताना कळलं नाही आणि आज जळगावात शाळेत शिकवतानाही कळलेलं नाही. समोर रफिकभाईंनी शिलाईचं दुकान काढलं, तेव्हा नानांनी उद्घाटनालाच सांगितलं, "दिवाळीलोंग बंद पडी." दुकान दिवाळीपर्यंत बंद पडेल हे ऐकून रफिकभाई महिनाभर बोलले नाहीत. मग कुणीतरी त्यांना समजावलं असावं, कारण पुढे दर ईदेआधी ते स्वतः येऊन म्हणायचे, "नाना, यंदा पण थोडं वाईट बोला." दुकान अजून चालू आहे.

या माणसाला फुटबॉल लागला तो गोव्यात. टपाल खात्याने त्यांची मडगावला बदली केली आणि खोली मिळाली ती मैदानामागे. तिथल्या एका क्लबवर त्यांचा जीव जडला तो निवृत्तीनंतर धुळ्यात परतल्यावरही सुटला नाही. आमच्याकडे पोरंटोरं, म्हातारे, सगळे क्रिकेटवाले. त्यात नाना एकटेच मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून फुटबॉल बघत बसायचे. मॅचआधी कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "हारतीन." गंमत म्हणजे क्लब बऱ्याचदा खरंच हरायचा. मी एकदा म्हटलं, "नाना, तुमचा मंत्र तिथे चालत नाही वाटतं." ते म्हणाले, "मी बोलनू नही ते आखो वाईट हारतीन."

त्यांचा आणखी एक नियम होता. एका वेळी एकाच गोष्टीसाठी वाईट बोलायचं. दोन ठिकाणी बोललं की वरच्याला कळतं, हा माणूस नुसता सवयीने बोलतोय, आणि तो लक्ष देत नाही. त्यामुळे रफिकभाईंची ईद आणि कुणाची सोयरीक एकाच आठवड्यात आली, की नाना खरोखर अडचणीत यायचे आणि कुणाला तरी पुढच्या आठवड्यात बोलवायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्यासाठी त्यांना जळगावला आणलं, म्हणून अक्का, म्हणजे त्यांची बायको, माझ्याकडे उतरली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी क्लबची हंगामातली शेवटची मॅच होती. हरले तर खालच्या लीगमध्ये जाणार होते, आणि तसं झालं तर मालक क्लबच बंद करतील असं बोललं जात होतं. मी अक्काबरोबर हॉस्पिटलात डबा घेऊन गेले तेव्हा नाना उशीवर मोबाइल उभा करायच्या खटपटीत होते.

"काय होईल, नाना?" मी विचारलं.

"हारतीन," ते म्हणाले. मला हायसं वाटलं.

अक्काने भीत भीत विचारलं, "आनि सकायना ऑपरेशननं?"

"बठ्ठं चांगलं व्हई जाई."

अक्काचा चेहरा उतरला. तिने त्यांचा हात धरला. "आसं नका बोलू. वाईट बोला ना काहीतरी."

"आजना शब्द मी क्लबले दि टाका."

सलाइन बघायला आलेली नर्स जागीच थांबली. बायको नवऱ्याला विनवतेय, 'मी वाचणार नाही असं म्हणा', आणि नवरा मान हलवतोय, हे तिला कसं समजावून सांगणार? मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. मी वकिली केली. म्हटलं, मॅच आजची, ऑपरेशन उद्याचं, म्हणजे वेळ वेगळी झाली. नाना म्हणाले, "म्याच सरू दे, मंग देखू."

मॅच बरोबरीत सुटली. मी विचारलं, आता पुरे का? नाना म्हणाले, दुसऱ्या मैदानावरचा सामना संपल्याशिवाय कळणार नाही. त्यांनी मला गुणांचं गणित समजावलं. मी मान डोलावली, पण गोल कुणाचे मोजायचे, हेच मला कळलं नव्हतं. तेवढ्यात नर्सने मोबाइल काढून घेतला आणि झोपेचं औषध दिलं. अक्का उशाशी बसून वाट बघत राहिली. नाना काहीच न बोलता झोपले.

दुसऱ्या मैदानाचा निकाल मला घरी जाताना रिक्षात कळला. सकाळी त्यांना आत न्यायला आले तेव्हा मी स्ट्रेचरबरोबर चालत सांगितलं, "नाना, क्लब वाचला."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "खरंच सांगस का?"

"खरंच."

ते हसले. इतकं उघड हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अक्का पुढे झाली, "आते तरी बोला," म्हणाली. त्यांनी तिच्याकडे बघून तोंड उघडलं, पण वॉर्डबॉयने स्ट्रेचर वळवलं आणि दार लागलं. ते काय बोलणार होते कोण जाणे. नाना त्या दारातून परत आले नाहीत.

मला त्या क्लबचा भयंकर राग आला. त्याच वेळी, तो वाचला याचा आनंदही होत होता, आणि त्या आनंदाची लाज वाटत होती. मी शिकलेली बाई आहे. असल्या गोष्टींनी कुणी मरत नाही आणि कुणी वाचतही नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ठाऊक असून उपयोग होत नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर धुळ्यात ओट्यावर अक्काजवळ बसले होते. ती म्हणाली, "त्या खेयनारा पोऱ्हेसले माहीत शे का, नानानी त्यासनासाठे काय करं ते?"

"नाही, अक्का. त्या खेळाडूंना कुठून माहीत असणार?"

तिने पदराने तोंड पुसलं.

"मंग सांगू नको. पोऱ्हे शेतस. त्यासना जीवले लागी जाई."