निळ्या दोऱ्याची चप्पल

"थांब. आत येऊ नकोस. आधी पाय दाखव."

बाईंच्या दारात काम मागायला पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा हे ऐकलं. पायाला चिखल लागलाय म्हणून ओरडतायत असं वाटून मी मागे सरले. बाई दारातच वाकल्या, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि माझ्या चपलांकडे बघत राहिल्या.

"माहेर खाडीकाठचं. गव्हाण, नाही तर तिथलंच जवळपासचं."

माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता. तो मी जाळं विणायच्या निळ्या दोऱ्यानं घरीच शिवला होता.

"ही गाठ चांभाराची नाही, जाळं विणणाऱ्या हाताची आहे," बाई म्हणाल्या. "ये आत. तोंड नंतर बघते. तोंड खोटं बोलतं, चपला बोलत नाहीत."

तुम्हीही कधी पनवेलमध्ये कुणाच्या दाराशी उभे राहिलात तर खाली बघा. तळोज्याच्या कारखान्यातून आलेल्या माणसाच्या बुटांच्या शिवणीत पांढरट भुकटी असते. कळंबोलीच्या लोखंडबाजारातून आलेल्याच्या टाचेला गंज असतो. हे मी बाईंकडून शिकले. शाळेत मी चौथीपर्यंतच गेले. पुढचं जे काही शिकले ते बाईंच्या स्वयंपाकघरात.

बाई शाळेच्या वाचनालयात नोकरीला होत्या आणि खुनाच्या गोष्टी लिहायच्या. सोळा पुस्तकं लिहिली होती त्यांनी. इतक्या साध्या बाई, वरणात मिठाचा खडा जास्त पडला तरी कुणाला टोचून बोलणार नाहीत, आणि टेबलावर बसल्या की एकेकाला विष घालायच्या.

टेबलासमोर भिंतीवर एका गोऱ्या बाईचा फोटो होता. गळ्यापर्यंत बंद झगा, वर बांधलेले केस. मला वाटलं या घरातल्या कुणी जुन्या, बाईंच्या सासूबाई असतील. मी रोज फोटो पुसून त्याला जास्वंदीचं फूल वाहायचे. दोन वर्षं वाहिलं. एक दिवस बाईंच्या लक्षात आलं.

"अगं, ही सासू नाही माझी! अमेरिकेतली बाई आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची. खुनाच्या गोष्टी लिहायची."

"बायामाणूस? त्या काळात?"

"त्या काळात. लोकांना पटायचं नाही की हे एका बाईनं लिहिलंय."

मग त्यांनी सांगितलं की त्या मॅट्रिकला असताना या बाईचं एक पुस्तक त्यांच्या हाती पडलं. शेवटची पानं फाटलेली. खुनी कोण ते कळेना, जेवण जाईना. शेवटी त्यांनी वहीत स्वतःच शेवट लिहिला. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांना धड पुस्तक मिळालं.

"मग? बरोबर आलेला?"

"खुनी बरोबर निघाला. कारण चुकलं होतं." बाई हसल्या. "पण एक गोष्ट मी तिच्याकडून घेतली. वाचकाला चकवायचं, पण फसवायचं नाही. पुरावा त्याच्या डोळ्यांसमोर ठेवायचा."

यासाठी त्यांनी स्वतःचा एक नियम केला होता. पुस्तकाचं पहिलं पान लिहायच्या आधी खुन्याचं नाव आणि एका ओळीत पुरावा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी पाकिटात घालून डिंकानं बंद करायची आणि दुसऱ्याच्या घरी ठेवायला द्यायची. लिहिताना मोह होतो, खुनी बदलावासा वाटतो, ती लबाडी होऊ नये म्हणून. पुस्तक संपलं की दोघांनी मिळून पाकीट उघडायचं. मी कामाला लागल्यापासून ती पाकिटं माझ्याकडे असायची, माझ्या तांदळाच्या डब्यात. बाई मला हाक मारायच्याच "साक्षीदार" म्हणून.

काम आटोपलं की मी त्यांना लिहिलेलं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवायचे. आधी अडखळत, पुढे सरळ. वाचून झालं की बाई विचारायच्या, "संशय कुणावर?" मी लाजून "मला काय कळतंय" म्हणायचे. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. बाईंसमोरही पुरता निघायचा नाही.

सतरावं पुस्तक चालू असताना गॅस उघडा राहिला.

शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. तिनं पुण्याला फोन केला, आणि बाईंचा मुलगा दुसऱ्या दिवशी हजर. वाईट माणूस नव्हे तो. आईच्या पायाशी बसून बोलत होता. "आई, मागच्या महिन्यात तू मला एकाच दिवशी चार फोन केलेस. चारही वेळा तेच विचारलंस. आता एकटीनं राहणं पुरे. चल माझ्याकडे."

"माझं पुस्तक अर्धं आहे."

"ठीक आहे. पुढच्या महिनाअखेरपर्यंत पुस्तक पुरं कर. केलंस तर मी एक शब्द बोलणार नाही, इथंच राहा. नाही झालं तर सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या.

तो गेल्यावर त्या बराच वेळ दाराकडे बघत बसल्या. "इथं मला दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या चपला पाठ आहेत गं. तिकडे मी कुणाला ओळखणार?"

गोष्ट उरणकडच्या एका मिठागराच्या मालकाची होती. मालक दुपारी आपल्या कचेरीत मेलेला सापडतो. संशय चौघांवर: पुतण्या, मुनीम, डॉक्टर आणि स्वयंपाकीण. बारा प्रकरणं झरझर झाली. तेराव्यात उलगडा व्हायचा होता. आणि बाई थांबल्या.

टेबलावर कोरा कागद. सकाळी कोरा, मी निघताना कोरा. आठ दिवस, पंधरा दिवस. रोज माझ्याकडून बारावं प्रकरण वाचून घ्यायच्या आणि विचारायच्या, "संशय कुणावर?" मला वाटायचं नेहमीसारखी परीक्षा घेतायत. एक दिवस मी "मला काय कळतंय" म्हटलं आणि बाईंनी माझं मनगट धरलं.

"सांग ना," त्या म्हणाल्या. "सांग ना गं."

तेव्हा मला उमगलं. ही परीक्षा नव्हती. बाईंना खुनी कोण ते आठवत नव्हतं.

"बाई, पाकीट आणू का?"

"नाही!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की मी दचकले. "सोळा पुस्तकांत शेवटाआधी पाकीट उघडलं नाही. आता उघडलं तर मी संपले."

मुलगा महिन्याच्या शेवटच्या रविवारी येणार होता. त्या दिवसांत मी घरी भाकऱ्या थापताना, नळावर पाणी भरताना मनात एकेक प्रकरण घोळवत होते. चौथ्या प्रकरणात मुनीम सांगतो, अमावस्येला भर दुपारी बारा वाजता मी पलीकडच्या गावातून खाडी चालत ओलांडून आलो. हे वाचलं तेव्हाच मला खटकलं होतं. अमावस्येला आणि पुनवेला दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या खाडीला भरती असते. पुरुषभर पाणी. चालत कोण येणार? पण शिकलेल्या बाईची चूक मी कशी काढू, म्हणून गप्प राहिले होते. आता रात्रंदिवस तेच डोक्यात. ती बाईंची चूक होती, की त्यांनी मुद्दाम ठेवलेला पुरावा?

रविवारी सकाळी मुलगा आला. चहा घेतला, टेबलावरचा कोरा कागद बघितला, आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, लिहू नकोस. तोंडी सांग मला. खून कुणी केला? एवढंच सांग."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. असं त्यांनी कधीच बघितलं नव्हतं.

"साक्षीदार, पाकीट आण."

माझी खोली दोन गल्ल्या सोडून. मी धावत गेले, तांदळात हात घातला, पाकीट काढलं आणि धावत आले. बाई म्हणाल्या, "तूच उघड. मला चष्म्यातून नीट दिसत नाहीये."

मी उघडलं. आत बाईंच्या अक्षरात चार ओळी होत्या.

सुकट पाव किलो. आमसुलं. पोहे. भांड्यांचा साबण.

पाकीट बंद केलं त्या दिवशीच बाईंच्या हातून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. नावाची चिठ्ठी कुठे गेली, देव जाणे. माझ्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. मुलानं हात पुढे केला. "बघू, मावशी."

मी कागद छातीशी धरला. "नियम हाय. साक्षीदारच वाचणार."

आजवर मी त्या माणसासमोर मान वर केली नव्हती. तो चमकला आणि हात मागे घेतला.

"मुनीम," मी वाचलं.

बाईंनी मान वर केली. डोळे माझ्यावर. मग सावकाश म्हणाल्या, "आणि पुरावा? मी नावाखाली पुरावाही लिहिते. वाच."

कागदावर आमसुलं होती. मी त्यांच्याकडे बघत वाचलं, "अमावस्येला भर दुपारी खाडी पायी ओलांडली म्हणतो. तेव्हा भरती असते."

आता बाई म्हणतील, छे, ते तर चुकून लिहिलं होतं, आणि सगळं संपेल. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. आणि त्यांचा चेहरा बदलला. काळोख्या खोलीची खिडकी कुणी उघडावी तसा.

"आणि त्याच्या वहाणा कोरड्या होत्या," त्या म्हणाल्या. "सहाव्या प्रकरणात स्वयंपाकीण त्या उचलून बाजूला ठेवते, आठवतं? चिखल नाही, मिठाचा पांढरा थर. म्हणजे तो खाडीतून आलाच नाही, सकाळपासून मिठागरातच दडून होता!" तिथून त्या सुटल्या. अर्धा तास बोलत होत्या. मुलगा ऐकत राहिला. निघताना आईच्या पाया पडला. "जिंकलीस," म्हणाला.

आठ दिवसांत तेरावं प्रकरण झालं. मी ते वाचून दाखवलं. वाचून होताच बाईंनी हात पुढे केला. "आता पाकीट. नियम आहे."

मला देता येईना, न देता येईना. दिलं. बाईंनी चष्मा लावून चारही ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या.

"तरीच त्या आठवड्यात सुकट आली नाही," त्या म्हणाल्या.

मला रडू फुटलं.

"खोटी साक्ष दिलीस."

"व्हय बाई. काय शिक्षा करायची ती करा."

"पुरावा मात्र खरा होता."

"तुमीच ठेवला व्हता तो. चौथ्या प्रकरणात."

"ठेवला होता की हातून पडला होता, ते आता मलाही सांगता येणार नाही." त्यांनी फोटोतल्या गोऱ्या बाईकडे बघितलं. "मीसुद्धा फाटलेल्या पानांचा शेवट लिहूनच सुरुवात केली होती." मग माझ्याकडे वळल्या. "मुलाला फोन लाव."

"कशाला बाई? ते तर काय बोलणार नाय म्हणाले."

"लाव. चकवायचं, फसवायचं नाही. तो माझा मुलगा नंतर, आधी वाचक आहे."

मी फोन लावून दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, पाकिटासकट, यादीसकट. मधेच एकदा मोठ्यानं म्हणाल्या, "नाही, तिची चूक नाही. ती होती म्हणून पुस्तक पुरं झालं. पण तू हरला नाहीस, एवढं तुला कळायला हवं." माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मला वाटलं, मी ती यादी त्याच दिवशी गिळून टाकली असती तर बाई आज इथं असत्या. अजूनही कधी कधी वाटतं.

पुस्तक छापून येईपर्यंत मुलानं त्यांना राहू दिलं. मग सामान बांधलं. जाताना बाईंनी भिंतीवरचा फोटो काढून माझ्या हातात दिला. "फूल वाहायचं नाही," म्हणाल्या.

वर्षानं मुलाचा फोन आला. मावशी, एकदा येऊन जा, आई आता आम्हालाही ओळखत नाही. माझ्या मुलीनं त्या प्रवासासाठी मला नवीन सँडल आणले. मी ते घालून जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले. पलंगाखालून जुन्या चपला काढल्या. निळा दोरा तुटायला आला होता. बसून पुन्हा शिवला, तीच गाठ घातली. कळंबोलीहून पुण्याची गाडी धरली.

बाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. खूप लहान दिसत होत्या. मी दारातून म्हटलं, "बाई, मी आलेय." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. कुणा परक्या माणसाकडे बघावं तसं, आणि नजर काढून घेतली. सूनबाई म्हणाल्या, "असंच करतात हो. आत या, चपला काढून ठेवा."

मी काढल्या नाहीत. तशीच घरात शिरले, बाईंच्या समोर जाऊन उभी राहिले आणि साडीची कड थोडी वर धरली.

बाई कितीतरी वेळ खाली बघत होत्या. मग हात कपाळाकडे गेला, तिथे नसलेला चष्मा ओढायला.

"थांब," त्या म्हणाल्या. "सांगू नकोस."

मी थांबले.

"भरती होती का गं, येताना?"

"नाय बाई," मी म्हटलं. "ओहोटी व्हती. चालत आले."