पन्नासपट आवाज

१२ मे १९७४, रविवार. पत्र्यावर कुरडया वाळत घातल्या आणि त्यांच्या शेजारी रेडिओचे चार सेल.

उतरलेले सेल उन्हात तापवले की त्यांच्यात थोडा जीव येतो, हे आमच्या पाटणकडच्या गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. त्या दिवशी रेडिओ वाजणं भागच होतं. आमचे हे फौजेत, सिग्नलमध्ये. चौदा महिने घरी आले नव्हते. त्यांच्या पत्त्यात गावाचं नावसुद्धा नव्हतं, नुसता आकडा. त्यांनी कळवलं होतं की रविवारी दुपारी जवानांच्या आवडीच्या गाण्यांच्या कार्यक्रमात आमची फर्माईश लागेल, आणि गाण्याआधी नावं घेतील: "माझं, आईचं आणि तुझं."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांना ऐकू कमी यायचं आणि वाचता मुळीच येत नव्हतं, म्हणून यांची पत्रं मी त्यांच्या कानाशी ओरडून वाचायची. माझ्या वाचनावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"तू मनानं सांगतीस," त्या म्हणायच्या. "दर खेपंला तब्येत बरी हाय, जेवण बरं हाय. चौदा म्हैनं कोण बरं असतं व्हय? रेडिओवर शंकऱ्याचं नाव घेतलं, तर मानीन पोरगं धड हाय."

अडचण एवढीच होती की आमचा रेडिओ कुजबुजायचा. सेल घातले, आवाजाचं बटण पुरतं फिरवलं, तर आवाज मोठा न होता फाटायला लागला. मग रेडिओ रिकाम्या पितळी हंड्यात ठेवला. आवाज घुमला खरा, पण निवेदक विहिरीत पडल्यासारखा बोलायला लागला.

"कोण पडलं गं?" आत्याबाईंनी विचारलं.

यांनी मागे एका पत्रात समजावलं होतं. आपला रेडिओ अर्ध्या वॅटचा. लग्नातला अँप्लिफायर पंचवीस वॅटचा. पण म्हणून आवाज पन्नासपट होतो असं समजू नकोस, दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे. आणि अँप्लिफायर स्वतःचं काही घालत नाही, आत येईल तेच मोठं करतो. खरखर आली तर खरखर मोठी. (बायकोला पत्र लिहायला बसलेला माणूस हे लिहितो!) मला ते पटलं नव्हतं. दुप्पट पीठ म्हणजे दुप्पट भाकरी, इतकं गणित मला येत होतं.

नेमकं समोरच्या घरी दुसऱ्या दिवशी लग्न. मांडवात दगडू स्पीकरवाला मोटारीची बॅटरी आणि अँप्लिफायर मांडून बसलेला, भोंगा लिंबावर बांधलेला, तोंड गावाकडे. मी त्याला चहा दिला आणि काम सांगितलं.

"त्यात काय वैनी," तो म्हणाला, "माईकची वायर तुमच्या सोप्यापत्तुर येती की. रेडिओम्होरं माईक ठेवा, सगळं गाव ऐकंल."

"गाव नको. आत्याबाईंना ऐकू आलं की झालं."

"भोंग्याला तसं निवडून सांगता येत न्हाई."

तीन वाजता पाटावर रेडिओ, रेडिओसमोर माईक आणि दोहोंसमोर आत्याबाई अशी मांडणी झाली. आधी खरखर लागली. तीच खरखर लिंबावरून अशी कोसळली की समोरच्या परसातल्या कोंबड्या छपरावर गेल्या. मी माईक जरा वळवला तर भोंग्याने शिट्टी फुंकली. मांडवातून दगडू ओरडला, "माईक दाराकडं करू नगा!"

मग गाणं लागलं, पण ते दुसऱ्या कुणाचं होतं. पुढचं आमचं असेल म्हणून मी आत्याबाईंना गप्प बसायची खूण केली. त्यांनी माझा हात पाहिला आणि त्यांच्या मते हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. बहिऱ्या माणसाचा हळू आवाज किती असतो, हे ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनाच माहीत. तो आवाज समोरचा माईकही ऐकत होता.

"अगं, एवढी का कापतीस? लय कडक समजतीस सोताला. रोज रातच्याला त्येचा खाकी सदरा उशाला घेऊन झोपतीस, मला दिसत न्हाई व्हय? चौदा म्हैनं धुतलाबी न्हाईस."

प्रत्येक शब्द लिंबावरून गावात गेला. मग मांडवात जे हसू फुटलं, त्याला अँप्लिफायरची गरज नव्हती.

मी धावले. सोपा, अंगण, गल्ली ओलांडून मांडवात गेले आणि बॅटरीची वायर हिसडून काढली. भोंगा मेला.

"वैनी," दगडू डोळे पुसत म्हणाला, "माईकलाच बटन होतं की."

परत आले तेव्हा आत्याबाई पाटाशेजारी आडव्या होत्या. दातखीळ बसली असं समजून मी किंचाळले. त्यांनी हातानेच मला दटावलं. कान रेडिओच्या जाळीला घट्ट टेकवलेला होता. जाळीतून गाण्याची सुरुवात ऐकू येत होती.

"घेतलं की गं नाव!" त्या उठून बसल्या. डोळ्यांतून पाणी. "शंकऱ्याचं घेतलं, माझं घेतलं, तुझंबी घेतलं. धड हाय पोरगं."

"कसं म्हणाला? माझं नाव कसं घेतलं?"

"घेतलं म्हन्ते न्हवं. तू कुटं गेलतीस?"

चौदा महिने ज्याची वाट पाहिली ते गावाने ऐकलं नाही आणि मीही ऐकलं नाही. ऐकलं ते घरातल्या एकट्या बहिऱ्या बाईने, अर्ध्या वॅटवर. त्यांनी खरंच ऐकलं की मनानं सांगितलं, हे मी कधी विचारलं नाही. मी वाचलेली पत्रं त्यांनी तरी कुठे दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतली होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो सदरा सोड्यात भिजवला, खसाखसा घासला आणि लग्नाच्या मांडवातून नीट दिसेल असा पुढच्या दोरीवर वाळत घातला. मग आत आले, दाराला कडी लावली आणि ट्रंकेतून यांचा दुसरा सदरा काढला.