मामाची टीम विरुद्ध मामाचीच टीम

माझ्या पीएचडीचा विषय बाजारातली स्पर्धा आणि क्रीडाउद्योग. माझ्या सरांनी आयुष्यात चेंडू फक्त अंगणातून बाहेर फेकलाय, तोही चिडून, पण खेळाच्या अर्थशास्त्रावर ते तासभर बोलतात. मोठ्या लीगवाल्यांनी माझ्या ईमेलांना केराची टोपली दाखवली, तेव्हा मी घरचाच उद्योग अभ्यासायला घेतला. म्हणजे माझा मामा.

मामाचा ट्रान्सपोर्टचा धंदा. गोदाम वाडीला, घर प्रताप नगरात. घराजवळच्या मैदानावर दर हिवाळ्यात तो टेनिस बॉलची टुर्नामेंट भरवतो आणि पन्नाशी उलटली तरी आपल्या टीमची ओपनिंग स्वतःच करतो. त्याचा जन्माचा वैरी चौकातला मेडिकलवाला. दोघं एका बाकावर शिकले आणि तेव्हापासून एकमेकांना पाण्यात पाहतात. दोघांच्या टीम फायनलला आल्या की अख्खा चौक मैदानाच्या भिंतीवर चढायचा.

पण मामाला जिंकायची चटक लागली. मेडिकलवाल्याकडे चांगला पोट्टा दिसला की मामा त्याला गोदामात नोकरी द्यायचा. कोणी ट्रकवर, कोणी हिशेबाला, कोणी नुसताच खुर्चीवर. मेडिकलवाल्याचा डावखुरा फास्ट बॉलरही एक दिवस आमच्या गोदामात भिवापूरच्या मिरचीची पोती उतरवताना दिसला. सर याला मक्तेदारी म्हणतात. मामा म्हणायचा, "पोट्ट्यायले लाइनले लावून राहिलो मी."

गेल्या वर्षी मेडिकलवाल्यानं टीमच मोडली. बाकीच्या टीमांनीही नाव दिलं नाही. ठरवून हरायला कोण येतं? फायनल झाली मामाची टीम विरुद्ध मामाच्याच गोदामाची दुसरी टीम. फिल्डर मालकाचे कॅच आदरानं सोडत होते आणि कॉमेंट्रीवाला दोन्हीकडून मामाचीच तारीफ करत होता. प्रेक्षकांत मी, मामी आणि मंडपवाला. मंडपवाल्याला थांबणं भागच होतं, खुर्च्या त्याच्या होत्या.

"दोन्हीकून तुमीच," मामी म्हणाली. "मंग हरवलं कोनाले?"

मामा ट्रॉफी घेऊन घरी आला आणि न जेवताच उठला. टुर्नामेंट बंद करतो म्हणाला. मला फार वाईट वाटलं. या एका गोष्टीसाठी तो वर्षभर जगायचा. म्हणून मी त्याला माझ्या अभ्यासातली गोष्ट सांगितली, की दुसऱ्या धंद्यात समोरचं दुकान बंद पडलं तर आपली चांदी होते, खेळात मात्र आपलंही शटर पडतं.

"हे सांगाले एवढे वर्षं शिकली काय वं?" मामा खेकसला. पण दुसऱ्या दिवशी मला घेऊन मेडिकलवर गेला.

"टीम काढ गा," मामा म्हणाला.

"कोनाले घेऊन?" मेडिकलवाला गोळ्यांची पट्टी कापत होता, त्यानं वरही पाहिलं नाही. "पोट्टे तर सारे तुया गोदामात हायेत."

"पाहिजे तो घेऊन जा."

"डावखुरा दे मंग. अन् त्यानं तुले आऊट केलं तर कामावरून काढजो नको त्याले."

मामाची मान हलायला बराच वेळ लागला.

यंदा फायनलला भिंतीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मामा स्ट्राइकला, समोर डावखुरा. पहिला बॉल इतक्या अदबीनं आला, जसा साहेबांपुढे चहाचा कप. दुसराही तसाच. भिंतीवरचे लोक फिदीफिदी हसायला लागले. मामाचं टाळकं सटकलं.

"अबे, पगार मी देतो म्हणून हळू टाकून राहिला काय?" बॅट आपटत तो ओरडला. "टाक जोरात!"

पुढच्याच बॉलला मधला स्टंप उडाला.

भिंतीवरचे सगळे मामाकडे पाहायला लागले. डावखुरा तर जागीच गार पडला, नोकरी गेलीच म्हणून. मामा तरातरा त्याच्याकडे गेला आणि पाठीत असा धपका घातला की तो दोन पावलं पुढं गेला. मग भिंतीवरून जी काय आरोळी उठली! मामाचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता.

बाउंड्रीपाशी मेडिकलवाला हाताची घडी घालून उभा होता. मामानं त्याच्यावर बॅट रोखली.

"पुढच्या साली पाहतो तुले!"

"पाहजो ना," मेडिकलवाला म्हणाला. "मी कुठं जाऊन राहिलो?"