ताटाभोवती वाइन
काळी द्राक्षं जरा आंबली, की त्या वासासरशी मला आमच्या सिविक सेंटरच्या बाजारातला तो चार टेबलांचा वाइन बार आठवतो. प्लांटमधून रिटायर झाल्यापासून आमच्या ह्यांनी जेवणच टाकलं होतं. डॉक्टर झाले, नवस झाले, अन् माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता. वाइननं भूक लागते असं कोणीतरी म्हणालं, अन् मी अतिशहाणी ह्यांना तिथं घेऊन गेले. मंद दिवे, समोर वाफाळता पुलाव, आणि हे भिंतीकडे पाहत बसलेले. "एक घास तरी खा ना हो," मी रडकुंडीला आले. "मन नाही होत," एवढंच. घाबरून मी माझा वाइनचा ग्लास ताकासारखा घटाघटा प्यायले. मग आठवलं, ताटाभोवती पाणी फिरवल्याशिवाय हे घास घेत नाहीत! पाणी अजून आलं नव्हतं, म्हणून ह्यांच्या ग्लासातली वाइन तळहातावर घेऊन मीच प्लेटीभोवती फिरवली. पांढरा टेबलक्लॉथ लालेलाल झाला. "अवं, काय करून राहिली? लोकं पाहून राहिले!" कित्येक दिवसांनी हे ओरडले. "पाहू द्या. जेवा, नाहीतर अख्खी बाटली मागवते." ह्यांनी मला हात जोडले अन् घास तोंडात घातला. "आजी, तुले चढली होती का?" नात आता विचारते. चढली कुठली! त्या घासाकडे पाहताना मी जेवढी शुद्धीत होते, तेवढी जन्मात कधी नव्हते.